लोअर केलेल्या पिकअपला कमी खर्चात एअर शॉकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पिकअप यावल-रावेर पट्ट्यात केळीची भाडी करते. सेकंडहँड घेतली तेव्हाच ती लोअर केलेली, म्हणजे उंची कमी करून बसवलेली होती. आधीच्या मालकाने मागच्या पाट्यांतले (वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधले) दोन-दोन पाटे काढून टाकले होते. दिसायला छान, रिकामी चालायला मऊ, पण माल भरला की मागचा भाग जमिनीला टेकायला यायचा. शेवटी एअर शॉकअप बसवले. एकदा चुकीचे आणि एकदा नीट. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एअर शॉकअप म्हणजे नेमकं काय? साध्या शॉकअपपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

साधा शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात, आणि खड्ड्यातून आल्यावर पाटा वर-खाली नाचत राहू नये म्हणून त्याला आवरायचं काम शॉकअप आतल्या तेलाच्या जोरावर करतो. एअर शॉकअपमध्ये हाच शॉकअप असतो, वर रबराची जाड बाही असते. त्या बाहीत हवा भरली की शॉकअप लांब व्हायला बघतो आणि गाडीचा मागचा भाग वर ढकलतो. म्हणजे पाट्यांना हवेच्या स्प्रिंगची जोड मिळते. हवा कमी-जास्त करून उंची बदलता येते, हा त्याचा खरा फायदा.

२. भाऊ, माल भरा का मन्ही गाडी मांगे बसी जास. एअर शॉकअप टाका का काम हुई जाई का?

आधी गाडी का बसते ते बघा. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा. सिमेंटचं अंगण किंवा वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म उत्तम. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन्हीकडे माप सारखं असेल तर पाटे निदान सारखे थकले आहेत. एका बाजूला इंचभर फरक निघाला तर पाटा मोडलेला असू शकतो, सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) तुटलेला असू शकतो, नाहीतर शॅकलची (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीची) बुश, म्हणजे आतलं रबर, संपलेली असते. मोडका पाटा कमानीच्या, म्हणजे वाकवलेल्या पाट्यांच्या गठ्ठ्याच्या आत लपतो. ब्रशने माती काढून एकेक पाटा बघा, विशेषतः पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या जवळ.

मोडलेल्या पाट्यावर एअर शॉकअप बसवणं म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर चुना मारणं. आधी पाटा दुरुस्त करा. पाटे धड असून फक्त कमान थोडी उतरली असेल, किंवा कोणी मुद्दाम पाटे काढून गाडी बसवली असेल, तर एअर शॉकअपचा विचार करायला हरकत नाही.

३. हवेचे फुगे म्हणजे एअर बॅग चांगल्या की एअर शॉकअप?

वजनासाठी फुगे चांगले. फुगा चेसिस आणि हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या कवचाच्या) मधोमध बसतो, त्यामुळे जोर थेट चेसिसच्या जाड भागावर येतो. एअर शॉकअपचा जोर शॉकअपच्या पिनांवर आणि ब्रॅकेटवर येतो. कंपनीने ती जागा फक्त झटके आवरण्यासाठी बनवलेली असते, वजन पेलण्यासाठी नाही.

मग लोक शॉकअप का घेतात? कारण लोअर केलेल्या गाडीत चेसिस आणि हाउसिंगच्या मध्ये फुग्याला जागाच उरत नाही, आणि खर्चही कमी येतो. रोज कमी-जास्त माल नेणाऱ्या आणि दोन-अडीच इंच बसणाऱ्या गाडीला शॉकअप पुरतो. रोज पूर्ण पासिंगचा, म्हणजे आरसी बुकात मंजूर तेवढा माल नेणार असाल तर गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणा, काढलेले पाटे परत टाका. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ इलाज तोच आहे, आणि विचारणाऱ्या निम्म्या लोकांना मी तोच सांगतो.

४. गाडी लोअर आहे. कोणत्या मापाचा शॉकअप घेऊ?

आपल्याकडच्या पिकअपसाठी म्हणून तयार जोडी दुकानात मिळेलच असं नाही, मापावरून शोधावी लागते. म्हणून दुकानात जाण्याआधी तीन मापं कागदावर पाहिजेत. तिन्ही मापं शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्या बोल्टाच्या मध्यापर्यंत.

पहिलं, गाडी रिकामी उभी असताना. दुसरं, गाडी पूर्ण दबलेली असताना, म्हणजे बंप रबर (चेसिस हाउसिंगवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) हाउसिंगला टेकलेलं असताना. तिसरं, चेसिस घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून चाकं लोंबकळत असताना.

दुसरं माप घ्यायला गाडी खरोखर दाबायची गरज नाही. उभ्या गाडीत बंप रबर आणि हाउसिंग यांच्यामधली फट मोजा आणि पहिल्या मापातून वजा करा. समजा उभं माप १६ इंच आणि फट अडीच इंच, तर दबलेलं माप साडेतेरा. शॉकअप फार तिरपा असेल तर हा हिशोब थोडा चुकतो, पण सुरुवातीला पुरतो.

आता नियम. पूर्ण मिटलेल्या शॉकअपची लांबी दबलेल्या मापापेक्षा निदान एक इंच कमी हवी. वरच्या उदाहरणात साडेबारा किंवा त्याहून कमी. पूर्ण उघडलेली लांबी लोंबत्या मापापेक्षा जास्त हवी, नाहीतर चाक खड्ड्यात उतरलं की सगळा ताण रबरी बाहीच्या पट्टीवर येतो आणि ती तिथूनच फाटते. उभ्या मापावर शॉकअप साधारण मध्यावर असेल असा बघा.

यातली फसवी गोष्ट अशी. फक्त पाटे काढून गाडी बसवली असेल तर दबलेलं माप मूळ गाडीइतकंच राहतं, कारण बंप रबर जागचं हललेलं नसतं. पण लोअर करणारे पुष्कळदा तेच रबर कापून टाकतात. तसं झालं की गाडी आणखी खाली जाते आणि शेवटी थांबते ती शॉकअपच्या पोटावर. एअर शॉकअपचं यात वाटोळं होतं. रबर कापलेलं असेल तर आधी नवीन बंप रबर बसवा. अगदी छोटी वस्तू आहे.

शॉकअपची जाडीही बघा. हवा भरल्यावर बाही फुगते. टायर, ब्रेकची पाइप आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून फुगलेल्या अवस्थेत इंचभर अंतर राहिलं पाहिजे.

५. लोअर कसं केलं आहे त्याने फरक पडतो का?

पडतो. पाटे काढून किंवा कमान उतरवून केलं असेल तर शॉकअपच्या जागा मूळच्याच असतात, काम सोपं असतं.

पाट्यांची आणि हाउसिंगची जागा उलटी केली असेल, म्हणजे आधी पाटे हाउसिंगच्या वर होते आणि आता खाली आले, तर गाडी पाट्यांची जाडी अधिक हाउसिंगची जाडी एवढी एकदम खाली जाते. अशा गाडीत चेसिस हाउसिंगला टेकायला येतं. शॉकअपच्या जागा नव्याने कराव्या लागतात आणि मग तो कमी खर्चाचा विषय राहत नाही. ठोकळे टाकलेले असतील तर नीट बघा. पाटे हाउसिंगच्या वर असताना मध्ये ठोकळा टाकला तर गाडी उठते, पाटे खाली असतील तरच बसते. ठोकळ्यावर ठोकळा रचलेला दिसला तर तो आधी काढा.

गाडी बसली की शॉकअप आडवा पडत जातो, याकडे कोणी लक्ष देत नाही. उभ्या शॉकअपचा सगळा जोर वर लागतो. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर सुमारे ८७ टक्के, ४५ अंश कलला तर जेमतेम ७० टक्के. तेवढ्यासाठी जास्त हवा भरावी लागते आणि पिनेवर तेवढा जास्त ताण येतो.

६. एअर शॉकअप टाकल्यावर किती किलो जास्त माल भरता येईल?

एकही किलो नाही. आरसी बुकात जेवढं एकूण वजन लिहिलं आहे तेवढंच. हवेने गाडी सरळ उभी राहते, पण एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. उलट, आधी गाडी बसलेली दिसायची म्हणून आपण हात आखडता घ्यायचो, आता ती सरळ दिसते म्हणून दोन घड आणखी चढतात. खरा धोका हा आहे. ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जास्तीचा माल उतरवून घ्यावा लागतो, तोही आपल्या खर्चाने.

शॉकअपच्या खोक्यावर ‘जोडीला ५०० किलो’ असं काही लिहिलेलं असतं. ते पूर्ण दाबाला आहे. १५० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) ५०० किलो पेलणारी जोडी ६० पीएसआयला साधारण २०० किलोच पेलते. हा आधार पाट्यांना दिलेला हात आहे, पासिंगमध्ये घातलेली भर नव्हे.

७. पैसे कुठे वाचवू आणि कुठे नको?

हवा भरायची सोय, मीटर आणि मजुरी यांत वाचवा. केबिनमध्ये बटण, कॉम्प्रेसर, टाकी असलं काही नको. सायकलचा उभा पंप आणि टायरचा हातातला मीटर पुरे. शॉकअपमध्ये हवा इतकी कमी मावते की पंपाने काही मिनिटांत काम होतं.

शॉकअप जुना घेऊ नका. भंगार बाजारात चांगला दिसणारा निघतो, पण रबराचं वय बाहेरून कळत नाही. बाही हाताने दाबून वाकवली की घडीत बारीक चिरा दिसतात. त्या दिसल्या नाहीत तरी आतलं तेल गेलेलं असू शकतं. बुश, बोल्ट आणि ब्रॅकेट यांतही हात आखडू नका. बोल्ट कडक लोखंडाचे घ्या, डोक्यावर ८.८ आकडा असलेले. साधा बोल्ट पिनेच्या जागी वाकतो.

दुकानात भाव विचारताना खोक्यात नळी, वॉल्व, टी (नळीचा तीन तोंडांचा जोड) आणि बुश आहेत का ते आधी विचारा. नुसती शॉकअपची किंमत ऐकून निघालेला माणूस परत येताना दुप्पट फेऱ्या मारतो.

८. ठिबकची नळी चालेल का? घरी बंडलच पडलं आहे.

जळगावकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो साहजिक आहे. पण नाही. ठिबकची लॅटरल साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालते. आपण शॉकअपमध्ये १०० पीएसआय भरले तर ते ७ किलोच्या आसपास जातं. नळी जोडातून निघेल किंवा उन्हात फुटेल. फवारणीची नळी दाब सोसते, पण ती जाड आणि जड असते आणि तिचे जोड बारीक हवा धरत नाहीत.

शॉकअपसोबत येणारी नायलॉनची नळी सगळ्यात चांगली. कमी पडली तर एमआयडीसीतल्या हवेच्या मशिनरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्याच बाहेरच्या मापाची नायलॉन नळी आणा. कापताना ब्लेडने काटकोनात कापा. पकडीने चेपून कापलेली नळी कधीच हवा धरत नाही.

९. दोन्ही शॉकअपला एकच वॉल्व ठेवू की वेगवेगळे?

वेगवेगळे. टी लावून एक वॉल्व ठेवला की दोन्ही बाजूंची हवा एकत्र होते. वळणावर गाडी बाहेर कलली की बाहेरच्या शॉकअपमधली हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा शहाद्याहून तोरणमाळला जाताना हे पोटात कळतं. दोन वॉल्व म्हणजे एक नळी आणि एक वॉल्व जास्त, एवढाच फरक. शिवाय एका बाजूची हवा गेली तर दुसरी शाबूत राहते.

वॉल्व मागच्या नंबर प्लेटजवळ किंवा फाळक्याच्या खाली लावा, चिखल उडत नाही तिथे, आणि टोपण कधी हरवू देऊ नका.

१०. हवा किती भरायची?

खोक्यावर किमान आणि कमाल आकडा असतो, बहुतेकांवर २० ते १५० पीएसआयच्या दरम्यान. तोच शेवटचा शब्द. किमानपेक्षा कमी कधीच नको. रिकामी बाही स्वतःच्याच घडीत चिमटते आणि फाटते. मी कमाल आकड्याच्या दोन तृतीयांशांवर सहसा जात नाही, कारण पुढचं सगळं पिनेवर येतं.

पहिल्यांदा आकडा ठरवायचा तो असा. रिकामी गाडी, २५ पीएसआय, प्रश्न २ मधलं माप लिहून ठेवा. नेहमीचा माल भरा, पुन्हा मोजा. समजा गाडी तीन इंच बसली. आता दोन्ही बाजूंना पाच-पाच पीएसआय वाढवत जा आणि त्यातली दोन-सव्वादोन इंच परत मिळाली की थांबा. पूर्ण सरळ करायच्या मागे लागू नका. तो आकडा खडूने फाळक्याच्या आत लिहा: केळी अमुक, कापूस तमुक. कापूस जागा जास्त घेतो पण वजन कमी. त्याला केळीइतकी हवा दिली तर गाडी उड्या मारते. केळीलाही जास्त हवा वाईटच, कडक गाडीत घड घासतात आणि व्यापाऱ्याकडे पोचल्यावर साली काळ्या दिसतात.

पंक्चरच्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्रेसरने भरणार असाल तर फार सावकाश. टायरला जिथे मिनिट लागतं तिथे याला काही सेकंद लागतात आणि बघता बघता आकडा कमालच्या वर जातो. मीटर लावून काढताना दर वेळी थोडी हवा निघते. टायरमध्ये ती जाणवत नाही, इथे दोन-तीन पीएसआय सहज जातात. म्हणून तेवढी जास्त भरा आणि उगाच पुन्हा पुन्हा मीटर लावू नका.

११. ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतलं तर चालेल का?

मी इथेच चुकलो होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

माझ्या गाडीत शॉकअप वरच्या मूळ पिनेपर्यंत पोचत नव्हता. एका वेल्डरकडून चेसिसच्या खालच्या कडेला अँगलचा तुकडा जोडून घेतला आणि त्याला शॉकअप लावला. रंग मारल्यावर काम सुबक दिसत होतं. पाचव्या-सहाव्या खेपेला, सावद्याच्या अलीकडे, मागून धाडकन आवाज आला. अँगल तसाच होता, वेल्डिंगही तसंच होतं. वेल्डिंगच्या शेजारचा चेसिसचा पत्रा फाटला होता. केळी दुसऱ्या गाडीत उतरवून पाठवली, त्या दिवसाचं भाडं गेलं, आणि चेसिसवर पट्टी मारून घ्यायचा खर्च शॉकअपपेक्षा जास्त झाला. चूक वेल्डरइतकीच माझीही होती, कारण ‘वजन येणार आहे’ हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा. मूळ पिना वापरता येतील असाच शॉकअप शोधा. नाहीच मिळाला तर ब्रॅकेट बोल्टने जोडा, वेल्डिंगने नाही. भोकं चेसिसच्या उभ्या बाजूला, मधल्या उंचीवर पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना भोक कधीच पाडू नका, सगळा ताण त्याच कडांवर असतो. मागच्या बाजूने जाड पट्टी द्या, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. पिन एकाच बाजूने धरलेली असेल तर ती वाकते. दोन कानांच्या मधोमध शॉकअपची आय (टोकाची गोल कडी) बसेल असं ब्रॅकेट बनवा.

आणि कुठेही वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा. आताच्या गाड्यांचा कॉम्प्युटर एका ठिणगीत जाऊ शकतो.

१२. घरी बसवता येईल का? किती वेळ लागतो?

मूळ पिना वापरायच्या असतील तर येतं, अर्धा दिवस धरा. रात्री आणि पुन्हा सकाळी बोल्टांवर डिझेल किंवा जंग काढायचं तेल टाका. आपल्याकडची काळी माती बोल्टावर सिमेंटसारखी बसते.

पुढच्या चाकांना दगड लावा. गाडी जॅकवर उचला, पण काम घोडीवर ठेवूनच करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, विटा रचूनही नाही. एका वेळी एकच शॉकअप काढा, म्हणजे दुसरी बाजू धरून राहते. नळी सायलेन्सरपासून निदान अर्धा फूट दूर न्या, हँडब्रेकच्या केबलला किंवा ब्रेकच्या पाइपला बांधू नका. चाक पूर्ण लोंबलं तरी नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा.

बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली उतरवून, चाकांवर उभी असताना. लोंबत्या चाकांवर आवळले तर बुश कायमची पिळलेली राहते आणि काही महिन्यांत चिरते. जुन्या गॅरेजवाल्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट आहे ही.

१३. मे महिन्यात इथे ४५ अंशांच्या वर जातं. हवा कमी ठेवावी का?

फार विचार करू नका. पहाटे २० अंशांना ६० पीएसआय भरलेली बंद हवा ५० अंशांपर्यंत तापली तर हिशोबाने साडेसदुसष्टच्या आसपास जाते. शॉकअपमध्ये तेवढीही वाढत नाही, कारण दाब वाढला की गाडी थोडी उठते आणि हवेला जागा मिळते. कमालच्या बऱ्याच खाली असाल (प्रश्न १०) तर काहीच करायला नको. उन्हाळ्यात खरं नुकसान नळीचं होतं, म्हणून सायलेन्सरजवळची बाजू दर महिन्याला हाताने चाचपून बघा.

१४. हवा भरल्यापासून मागचे ब्रेक कमी लागतात असं वाटतं. भास आहे का?

भास नसेलही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगपासून चेसिसवरच्या एका वॉल्वपर्यंत दांडी गेलेली असते. गाडी किती बसली आहे त्यावरून तो वॉल्व वजन ओळखतो आणि मागच्या ब्रेकला दाब सोडतो. आपण हवेने गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक हलके पडतात. लोअर केलेल्या गाडीत उलट होतं. गाडी रिकामी असली तरी वॉल्वला ती भरलेली वाटते आणि पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं सरकतात.

गाडीखाली वाकून ही दांडी आहे का बघा. असेल तर शॉकअप बसवल्यावर ब्रेकचं काम जाणणाऱ्या माणसाकडून ती सेट करून घ्या, स्वतः पाना लावू नका. पूर्ण सरळ होईपर्यंत हवा भरू नका असं प्रश्न १० मध्ये लिहिलं, त्याचं हेही एक कारण आहे.

१५. हेडलाइट बदलतो का?

हो. मागून गाडी उठली की उजेड खाली पडतो, बसली की समोरच्याच्या डोळ्यात जातो. नेहमीच्या मालाची उंची ठरली की हेडलाइट सेट करून घ्या.

१६. माल उतरवल्यावर गाडी उड्या मारते.

हवा काढायची राहिली. माल उतरवला की २५ वर आणा. रिकाम्या गाडीत जास्त हवा ठेवून चालवलं की शॉकअप सतत पूर्ण उघडलेला राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात आतून ठोकला जातो.

१७. रात्रीतून हवा उतरते. गळती कशी शोधू?

साबणाचं पाणी. आधी वॉल्वच्या तोंडावर, मग नळीच्या दोन्ही जोडांवर, शेवटी बाहीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर. माझ्या अनुभवात गळती बहुतेक वेळा वॉल्वच्या पिनेत किंवा वाकडी कापलेल्या नळीत सापडते (प्रश्न ८). वॉल्वची पिन टायरचीच असते, पंक्चरवाल्याकडे मिळते. बाहीवरच बुडबुडे आले तर पॅच लावायच्या भानगडीत पडू नका, शॉकअप बदला. आठवड्याला दोन-चार पीएसआय कमी होणं मात्र चालायचंच.

१८. एकाच बाजूचा खराब झाला तर एकच बदलू का?

दुसरा अगदी नवा आणि त्याच मापाचा असेल तरच. नाहीतर जोडी.

१९. पासिंगला अडचण येईल का? विमा?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू ठामपणे मांडली. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ पिनांवर मूळ शॉकअपच्या जागी दुसरा शॉकअप बसवणं आणि चेसिस कापणं, एक्सल उलटा करणं यांत फार अंतर आहे. तुमची गाडी आधीच लोअर आहे, तेव्हा खरा प्रश्न लोअरिंगचाच येतो. एमएच १९ असो, १८ असो की ३९, पासिंगच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं अपघातानंतर कोणी मान्य करत नाही.

२०. गाडीवर साउंड सिस्टीम कायमची बसवलेली आहे. वजन कधी उतरतच नाही. तरी एअर शॉकअप?

नको. हवेचा फायदा आहे तो वजन बदलतं तेव्हा. वजन कायमचं असेल तर पाटा हाच उपाय. कमानवाल्याकडे वजनासकट गाडी न्या, तो पाटा वाढवेल किंवा कमान चढवून देईल. कायम शंभरच्या वर हवा भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवली की पिना, बुश आणि बाही एकत्रच जातात.

२१. लोअर केल्यापासून ताशी ५०-६० ला खालून थरथर येते. एअर शॉकअपने जाईल का?

कधी जाते, कधी वाढते. गाडी बसली की प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर ताण येतो. हवेने गाडी मूळ उंचीजवळ आणली की कोन सुधारतो. पण पाट्यांची जागा उलटी केलेली असेल (प्रश्न ५) किंवा हाउसिंग बसवताना फिरलेलं असेल तर कितीही हवा भरली तरी उपयोग नाही. एक साधी परीक्षा आहे. रिकामी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, एकदा २५ पीएसआयला आणि एकदा ६० ला चालवा. थरथरीत फरक पडला तर कोन कारणीभूत आहे. काहीच फरक नाही तर क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तपासा.

२२. माझी गाडी ड्रायव्हरच्या बाजूला कलते. त्या बाजूला जास्त हवा ठेवून सरळ करू का?

दोन वॉल्व असतील (प्रश्न ९) तर करता येतं, पण कलण्याचं कारण सापडल्यावरच. प्रश्न २ प्रमाणे पाटे आणि शॅकल तपासून सगळं धड निघालं, आणि डिझेलची टाकी, स्टेपनी, ताडपत्रीचा बोजा एकाच बाजूला असल्यामुळे अर्धा-पाऊण इंच फरक राहतो आहे, तर त्या बाजूला आठ-दहा पीएसआय जास्त चालतील. वीसपेक्षा जास्त फरक ठेवावा लागत असेल तर थांबा, हवा काढून किमान आकड्यावर आणा आणि पुन्हा गाडीखाली जा. माझ्याकडे आलेल्या अशा शेवटच्या गाडीत दुसऱ्या पाट्याला यू-बोल्टच्या खाली केसाएवढी चीर होती, आणि मालक दोन महिने त्या बाजूची हवा वाढवत होता.